रस्ता बंद, पण कुठून?

मंगळवारी संकष्टी आली की ती अंगारकी, आणि जालना जिल्ह्यात अंगारकी म्हणजे राजूरच्या गणपतीला लाखोंची रीघ. 12 ऑगस्ट 2025 ला हा योग होता, 6 जानेवारी 2026 ला पुन्हा आला. गणपतीच्या साडेतीन पीठांत गणलं जाणारं हे देवस्थान भोकरदन तालुक्यात आहे. आदल्या रात्रीच जालन्याहून माणसं पायी निघतात. कॉलेजची पोरं, नवस फेडायला निघालेल्या बाया, अनवाणी चालणारे म्हातारे. त्या रात्री रस्ता वाहनांचा राहत नाही. पोलिसांना जड वाहनं दुसरीकडे वळवावी लागतात.

राजूरहून भोकरदनकडे निघालं की वाटेत केदारखेडा लागतं, पूर्णा नदीकाठचं गाव. इथे त्या दिवशी ना यात्रा असते, ना दर्शनाची रांग. तरी राजूरचा रस्ता बंद ठेवायचा तर त्याचं निम्मं काम केदारखेड्यात आणि त्याच्याही आधी भोकरदनच्या चौकात करावं लागतं. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून मिरची भरून निघालेला ट्रक थेट राजूरच्या वेशीपाशी अडवला, तर तो वळणार कुठे? मागे वाहनं लागलेली, बाजूला नारळ-पेढ्यांची दुकानं, त्यांच्यामधून वाट काढणारी माणसं. त्याच ड्रायव्हरला भोकरदनमध्ये सांगितलं असतं, तर त्याने स्टिअरिंग फिरवलं असतं आणि विषय तिथेच संपला असता.

रस्ता बंद करण्यातली मेख ही आहे. जिथे दोरी बांधली, तिथे रस्ता बंद होत नसतो. ज्या फाट्यावर गाडीवाल्याला अजून दुसरी वाट धरता येते, तिथे तो बंद करावा लागतो. आपल्याकडे मात्र ‘काम चालू, रस्ता बंद’ ही पाटी नेमकी खड्ड्याच्या तोंडाशी उभी असते. दहा किलोमीटर येऊन ती वाचणाऱ्याने कपाळाला हात लावावा, एवढाच तिचा उपयोग.

फाट्यावरच्या पाटीवरही तीन गोष्टी हव्यात: पुढे कुठे बंद आहे, कधीपासून कधीपर्यंत, आणि कोणत्या गावावरून जायचं. ‘पर्यायी मार्गाचा अवलंब करावा’ हे वाक्य सरकारी टिपणात शोभतं. ड्रायव्हरला त्या मार्गाचं नाव हवं असतं. शिवाय तो मार्ग आधी कुणीतरी गाडी घेऊन पाहिलेला असावा. नकाशावर रेघ दिसते, पण तिच्यावरच्या पुलाला बसचं वजन झेपतं का, गावातल्या वळणावर उसाची डबल ट्रॉली वळते का, हे नकाशा सांगत नाही. सिपोऱ्याच्या रामेश्वर कारखान्याकडे ऊस चाललेला असताना या भागात असा ट्रॅक्टर कधीही समोर येऊ शकतो, आणि दोन ट्रॉल्या मागे घेणं भल्याभल्या चालकाला जमत नाही.

आता थोडं गणित. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे दिसणं, कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं, यासाठी रस्त्याचे अभियंते अडीच सेकंद धरतात. तेवढ्यात 40 मीटर मागे पडले. पुढे ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत आणखी तितकेच. म्हणजे 80 मीटर. वेग 80 असेल तर हाच हिशेब 125 मीटरच्या पुढे जातो. उलट समोरून गाडी येते म्हणून डिपर मारला, की खाली पडलेल्या उजेडात जेमतेम 30-40 मीटर रस्ता नीट दिसतो. खोदकामाच्या कडेला चुना फासलेले दगड मांडून ठेवायची आपली जी पद्धत आहे, ती या दोन आकड्यांसमोर टिकत नाही. दगड दिसतो तेव्हा थांबायची वेळ टळलेली असते. बरं, धडक बसली तर दगड सरकत नाही आणि मोटारसायकलवाला वाचत नाही. बाभळीच्या काट्या आडव्या टाकणं त्याहून वाईट, कारण अंधारात त्या दिसतही नाहीत.

प्लॅस्टिकचा शंकू आणि त्यावरची चमकणारी पट्टी ही महाग वस्तू नाही. शंकूला धडकलं तर शंकू उडतो, माणूस राहतो. त्यासाठीच तो प्लॅस्टिकचा आहे.

रस्त्याच्या कामांसाठी ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे, ‘एसपी 55’ या क्रमांकाची. कामाच्या जागेचे ती चार भाग पाडते. आधी सावध करणारा पट्टा, मग वाहनांना हळूहळू बाजूला सरकवणारा पट्टा, मग प्रत्यक्ष काम, आणि शेवटी वाहनं पुन्हा मूळ रस्त्यावर आणणारा पट्टा. वेग जितका जास्त, तितका पहिला पट्टा लांब. ठेकेदार यातला तिसराच भाग मनावर घेतो, कारण बिल त्याचंच निघतं, असं म्हटलं तर फार अन्याय होणार नाही. आता मात्र यात पैशाचाही धोका आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 198-अ आलं. रस्त्याचं काम आणि देखभाल यांचे ठरलेले निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झालं, तर जबाबदार अधिकाऱ्याला, सल्लागाराला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. जिवाच्या मानाने रक्कम किरकोळ आहे, पण कायद्याने ठेकेदाराकडे बोट तरी दाखवलं.

खेडेगावाजवळचा रस्ता सहसा पूर्ण बंद करत नाहीत. अर्धा खोदतात आणि अर्ध्यावरून दोन्ही बाजूंची वाहनं आळीपाळीने सोडतात. इथे दोन टोकांना दोन झेंडीवाले लागतात, आणि त्यांना एकमेकांचं कळायला हवं. वळणामुळे दिसत नसेल तर वॉकीटॉकी किंवा मोबाइल. रेंज नसेल तर जुनी युक्ती: या बाजूने सोडलेल्या शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात झेंडी द्यायची. ती पलीकडे पोहोचली की पलीकडच्याने आपली वाहनं सोडायची. एकेरी रेल्वेमार्गावर ड्रायव्हरला टोकन देत, त्यातलाच हा प्रकार. झेंडी एकच असल्यामुळे दोन्हीकडून वाहनं सुटूच शकत नाहीत.

अर्धा रस्ता किती लांब खोदावा, हेही याच हिशेबातून निघतं. 300 मीटरचा तुकडा ताशी 20 च्या वेगाने पार करायला मिनिटभर लागतं. म्हणजे प्रत्येक पाळी बदलताना मिनिटभर रस्ता रिकामा होण्याची वाट पाहायची. चालतं. पण ठेकेदाराने सोयीसाठी एकदम दोन किलोमीटर उकरून ठेवले, तर तेच मिनिट सहा मिनिटांचं होतं. एका बाजूने तासाला 240 वाहनं येतात असं धरा. पंधरा मिनिटं ती थांबली की 60 वाहनांची रांग लागते. ट्रक, एसटी, जीप, मधल्या फटी, सगळं मिळून एका वाहनाला सरासरी 12 मीटर धरले तर रांग पाऊण किलोमीटर. मग मागच्याचा धीर सुटतो, तो उजवीकडून पुढे काढतो, आणि अर्ध्या रस्त्याच्या मधोमध दोघं समोरासमोर येतात. पुढचा तास ‘तू मागे घे’ यात जातो. दोष त्या घाई करणाऱ्याचा आहेच. त्याचा धीर सुटेल इतका रस्ता एका वेळी खोदणाऱ्याचाही आहे.

नदीकाठच्या गावांची अडचण वेगळीच. पुलाचं काम निघालं की शेजारून पात्रात सिमेंटचे नळे टाकून, वर मुरूम पसरून पर्यायी पूल करतात. मे महिन्यात तो छान चालतो. पूर्णेसारखी डोंगरात उगम पावणारी नदी मात्र गावात थेंबही पडलेला नसताना फुगून येते, कारण पाऊस वर अजिंठ्याच्या रांगेत झालेला असतो. पहिल्याच मोठ्या पुरात मुरूम जातो, मागोमाग नळे जातात, आणि तालुक्याचा जिल्ह्याशी संबंध तुटतो. म्हणून पर्यायी पुलाच्या आराखड्यात एक ओळ आधीच लिहिलेली असावी: पाणी अमुक खुणेला आलं की पूल बंद, आणि तो बंद करणारा माणूस अमुक. दीड-दोन फूट पाण्यात आपली गाडी निघेल असं प्रत्येकाला वाटतं. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी मोटार तरंगायला लागते आणि दोन फुटांत बहुतेक वाहनं वाहून जातात. 28 सप्टेंबर 2021 ला यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असताना नांदेड-नागपूर एसटी पुढे निघाली आणि वाहून गेली. प्रवाशांचे जीव गेले. अशा पुलांच्या दोन्ही टोकांना रेल्वे फाटकासारखा एक आडवा लोखंडी दांडा आणि कुलूप असलं तरी पुरे. किल्ली पोलीस पाटलाकडे ठेवा.

नुसत्या पाटीने काय होतं, हे 15 जून 2025 ला मावळात कुंडमळ्याला दिसलं. इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल धोकादायक ठरवलेला होता, तशी पाटीही होती. रविवार, पावसाळा, पर्यटकांची गर्दी. पूल कोसळला आणि चार जण गेले. पाटी ज्याला वाचायची आहे त्याच्यासाठी असते. ज्याला जायचंच आहे त्याच्यासाठी अडथळा लागतो, आणि अडथळ्याजवळ माणूस लागतो.

कायदा इथे बराच स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 115 नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी, किंवा रस्त्याची वा पुलाची स्थिती पाहून, ठरावीक रस्त्यावर वाहनांना बंदी घालता येते. एरवी त्यासाठी राजपत्रात अधिसूचना लागते. बंदी महिनाभरापेक्षा जास्त नसेल तर राजपत्राची गरज नाही, मात्र स्थानिक पातळीवर प्रसिद्धी देणं बंधनकारक आहे. मिरवणुकांच्या मार्गाबद्दल पोलिसांना महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 36 खाली निर्देश देता येतात. असे आदेश वाचले की शेवटी एक ठरलेली ओळ दिसते: अग्निशमन, रुग्णवाहिका, पोलीस आणि अत्यावश्यक सेवेतील वाहने वगळून. कागदावर वगळणं सोपं असतं. केदारखेड्याहून अडलेली बाळंतीण जालन्याच्या महिला रुग्णालयात न्यायची असेल, तर 108 ची गाडी राजूरच्या गर्दीतून कशी जाणार, हे आदल्या दिवशी ठरलेलं हवं. मंडपाच्या बाजूने एक पदर, म्हणजे साडेतीन मीटर, सलग मोकळा ठेवायचा. तिथे स्वयंपाकाची चूल नको, जनरेटर नको, आमदारसाहेबांची गाडीही नको. ते जमत नसेल तर रुग्णवाहिकेचा दुसरा रस्ता ठरवून तो 108 च्या चालकाला आधीच दाखवून ठेवायचा.

गावातली कमान, लग्नाची वरात, सप्ताहाचा मंडप, गणपतीची मिरवणूक यांना परवानगीच लागत नाही, असा एक गोड गैरसमज आहे. सार्वजनिक रस्त्यात अडथळा करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 खाली गुन्हा आहे. दंड पाच हजारांपर्यंत. मी स्वतः काही कायद्याचा बडगा दाखवायच्या मताचा नाही. गावचा उत्सव रस्त्यावर होणारच, त्याला दुसरी जागा आहे कुठे? पण तो होणार असेल तर त्याचा आराखडा व्हावा. तारीख धरताना बारावीची परीक्षा तर नाही ना, एवढं पाहिलं तरी निम्मी भांडणं टळतात.

वारीचं पाहण्यासारखं आहे. पालखीचा रस्ता एकदम सगळा बंद करून चालत नाही, कारण ती चालती असते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाटात चढते तेव्हा घाट बंद असतो. ती पुढे सरकली की मागचा रस्ता खुला होतो आणि पुढचा बंद होतो. मुक्ताबाईंची पालखी देऊळगाव राजावरून जालन्यात येते, तिथून अंबडकडे जाते, तेव्हाही रस्त्याचं हेच चालतं. बंद रस्ता सोहळ्याबरोबर चालतो. राजूरच्या वाटेवर पायी जाणाऱ्यांची रात्रभर एक लांबलचक साखळी असते, म्हणून तिथे हे तितकं सोपं नाही. चालणाऱ्यांनी रस्त्याच्या उजव्या कडेने चालावं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. पाठीवरच्या पिशवीला चमकणारी पट्टी असावी. दहा-वीस रुपयांचं काम आहे. फराळाच्या खिचडीबरोबर एखाद्या मंडळाने ती वाटली, तर गणपतीला ती सेवाही आवडेल.

गर्दीचंही गणित आहे, आणि आपल्याकडे ते कुणी करत नाही याचं नवल वाटतं. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेसाठी ‘ग्रीन गाइड’ वापरतात. त्यात सपाट वाटेच्या प्रत्येक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण 80 माणसं सुरक्षित जातात असं धरलंय. चार मीटरच्या गल्लीतून मिनिटाला 320, तासाला एकोणीस हजार. आता दोन्ही बाजूंना एकेक मीटर आत आलेली फुलांची, नारळांची, खेळण्यांची दुकानं मांडा. वाट दोन मीटर उरली, तासाला साडेनऊ हजार. येणारी माणसं तेवढीच आहेत. उरलेली मागे साचत जातात, आणि मागच्यांना पुढे काय झालंय ते दिसत नाही, म्हणून ती ढकलतात. 25 जानेवारी 2005 ला वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत 290 हून अधिक माणसं गेली. दुकानांनी वेढलेली अरुंद चढाची वाट हे तिथल्या दुर्घटनेचं एक मोठं अंग होतं. रस्ता वाहनांना बंद केला म्हणजे तो माणसांसाठी मोकळा झाला, असं होत नाही. रिकामा दिसला की त्यावर दुकान बसतं. म्हणून दुकानांची रेघ चुन्याने आधी आखावी, आणि जायची वाट वेगळी, यायची वेगळी ठेवावी.

बॅरिकेडबद्दलही गैरसमज आहे. पोलिसांचं पिवळं बॅरिकेड थांबायला सांगतं. ते न ऐकणाऱ्याला ते थांबवू शकत नाही. 20 डिसेंबर 2024 ला जर्मनीत माग्देबुर्गच्या नाताळ बाजारात एक मोटार गर्दीत घुसली, सहा जणांचा जीव गेला. बाजाराभोवती अडथळे होते, पण बचावाच्या वाहनांसाठी सोडलेल्या फटीतून ती आत आली. धडा असा नाही की फट ठेवू नये. फट लागतेच, ती माणसासह हवी. आपल्याकडे यावर स्वस्त उपाय आहे: त्या तोंडाशी एक ट्रॅक्टर आडवा लावायचा, चालक सीटवर, किल्ली लावलेली. रुग्णवाहिका आली की दोन हात मागे घ्यायचा. फक्त चालकाला जेवायला सोडताना बदली द्यायला विसरू नये.

नीट केलेलं एक काम सांगतो. पुण्यातला चांदणी चौकाचा जुना पूल 1 आणि 2 ऑक्टोबर 2022 च्या मधल्या रात्री स्फोटकांनी पाडला. मुंबई-बंगळूर महामार्ग, शनिवारची रात्र. चौकाजवळचा रस्ता अकराच्या सुमारास बंद झाला, पण जड वाहनं त्याआधीच लांब थांबवली होती. मुंबईकडची तळेगावच्या बाजूला, साताऱ्याकडची खेड शिवापूरच्या टोलनाक्याजवळ. पहाटे एकच्या सुमाराला स्फोट झाला. पूल मात्र पूर्ण पडला नाही. आतलं लोखंड अपेक्षेपेक्षा चिवट निघालं आणि उरलेला भाग यंत्रांनी पाडावा लागला. सकाळी आठला उघडायचा रस्ता दहाच्या सुमारास उघडला. यातलं दुसरं निम्मं मला जास्त मोलाचं वाटतं. इतकी तयारी असूनही दोन तास उशीर झाला, आणि तो निभावला, कारण रविवारची सकाळ निवडली होती. ज्या आराखड्यात उशिराला जागा नाही, तो आराखडा पहिल्याच तासात कोलमडतो.

‘तात्पुरता’ बंद किती लांबतो, याचं उदाहरण मुंबईत आहे. अंधेरीचा गोखले पूल 7 नोव्हेंबर 2022 ला बंद झाला. त्याची पहिली बाजू 26 फेब्रुवारी 2024 ला उघडली, आणि तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी तिची उंचीच जुळत नव्हती.

एक काम सगळ्यात जास्त राहून जातं, ते म्हणजे रस्ता पुन्हा उघडणं. मिरवणूक संपते, माणसं घरी जातात; बांबू, दोरी, अर्धी कमान आणि खांब रोवल्याचा खड्डा तिथेच असतो. सकाळच्या अंधारात दूध घेऊन निघालेला मोटारसायकलवाला त्यात पडतो. रस्ता बंद केला त्याच माणसाने, त्याच कागदावर, उघडल्याची वेळ लिहून सही करावी. काम संपल्यावरही महिनोन् महिने उभी राहणारी ‘पुढे काम चालू आहे’ ही पाटी काढणं त्याच माणसाकडे असावं, कारण अशा खोट्या पाट्यांमुळेच लोक खऱ्या पाट्या वाचायचं सोडतात.

म्हणून गावात कमान उभारायची ठरली, वा रस्त्याचं काम निघालं, की मंडपवाल्याच्या आणि जेसीबीवाल्याच्या आधी तीन फोन करा: बीट अंमलदाराला, एसटीच्या जाफराबाद आगाराला आणि 108 च्या चालकाला. आणि रस्ता बंदची पहिली पाटी गावात लावू नका. भोकरदनच्या चौकात लावा.